अर्धा की पूर्ण

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर विल्माला आईची पावलं ऐकू आली. एक जड पाऊल, मागून ओढत आणलेलं दुसरं, मग लोखंडी कठड्यावर हात टेकल्याचा बारीक नाद आणि श्वास घेण्यापुरता थांबा. खालून येत होती. नोव्हेंबरातली दुपार, चार वाजले नाहीत तोच चौकातला उजेड राखेसारखा झाला होता आणि जिन्यातला दिवा अजून कुणी लावला नव्हता. विल्माच्या पिशवीत आंबवलेला कोबी होता. त्याचं पाणी झिरपून कागद ओला झाला होता आणि तो आंबट, थंड वास तिच्या हाताला लागला होता. ती थांबली. पावलंही थांबली. आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. विल्मा श्वास रोखून एक पायरी चढली, तर खाली कुणीतरी जड पाऊल टाकलं. तिने दुसरा पाय ओढून घेतला, तर खालीही तो ओढला गेला. मग तिला उमगलं. जिन्याच्या मधल्या पोकळीतून तिचीच चाल तिच्याकडे परत येत होती. भ्याली नाही ती. उलट, आईच्या कपाटातलं काहीतरी न विचारता अंगावर घालून बाहेर पडावं आणि वाटेत आईच समोर यावी, तशी ओशाळली.

हे जिने आईनेच धुतले होते. दर शनिवारी, सत्तावीस वर्षं, गुडघ्यांवर बसून, तिसऱ्या मजल्यापासून खाली रस्त्याच्या दारापर्यंत. बादली, सोड्याचं पाणी, ताठ केसांचा ब्रश. लहानपणी विल्मा कठड्याच्या गजांतून डोकं घालून बघायची, तर आईची फक्त पाठ दिसायची, पुढेमागे होणारी, आणि पोटऱ्यांच्या मागे दुमडून बसलेली पावलं, भोकं पडलेल्या चपलांतली. आईचा चेहरा त्या वेळी कसा असायचा हे तिला कधीच कळलं नव्हतं. पुढे आई लंगडायला लागली तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टरने वयाचं नाव सांगून मलम दिलं होतं. आई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. म्हणजे विल्मापेक्षा सात वर्षांनी लहान. हा हिशेब वळणावरच्या अंधारात अचानक सुटला आणि विल्माला कसंसंच झालं. आपल्यापेक्षा लहान बाईला आपण इतकी वर्षं म्हातारी समजत आलो.

तिसऱ्या मजल्यावर देझो दार उघडून उभा होता. लग्नाला एकेचाळीस वर्षं झालेला नवरा, छत्तीस वर्षं ट्राम चालवलेला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची वाट दारात उभं राहूनच बघायची सवय.

"दुसऱ्या मजल्यापासून ऐकतोय तुला," तो म्हणाला. "मला वाटलं, कुणी कपाट वर चढवतंय."

"कपाटच चढवतेय. पासष्ट वर्षांचं."

"इस्पितळाचं पत्र पावाच्या डब्यात ठेवून किती दिवस झाले?"

"डब्यात आहे ते तुला कसं कळलं?"

"मी पाव खातो, विल्मा."

तिने पिशवी ओट्यावर ठेवली, कोट न काढता स्टुलावर बसली आणि पाय लांब केला. उजवा गुडघा आतल्या बाजूने सुजून उबदार झाला होता, आत कुणी कोळशाचा लहानसा तुकडा ठेवल्यासारखा. विचित्र म्हणजे ही ऊब तिला नकोशी वाटत नसे. दुखणं जिथे असतं तिथे आपण असतो, बाकीचं शरीर म्हणजे नुसता सामान ठेवायचा माळा, असं तिला हल्ली वाटायचं. तिने देझोला पत्र काढायला सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी बोलावणं आलं होतं, यादीत एक वर्ष थांबल्यावर. ऑपरेशन करून घ्यायचं नव्हतं असं नाही. पण बाहुलीनाट्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला पडदा उघडण्याआधीची मिनिटं लांबवायची खोड असते.

डॉक्टर आगोता रेदेई ही चाळिशीतली, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली बाई होती. बोलताना ती गुडघ्याकडे बघे, माणसाकडे नव्हे, आणि विल्माला ते आवडलं. पडद्यावर गुडघ्याचा फोटो होता. काळ्यात धुरकट पांढरं. "ही आतली बाजू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथे मधली गादी संपली. हाडावर हाड घासतंय. आणि ही बाहेरची बाजू. इथे फट छान शिल्लक आहे. वाटीही बरी दिसते. म्हणून तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. सगळ्यांपुढे नसतात."

मग त्यांनी दोन्ही रस्ते सांगितले, घाई न करता. अर्धा बदलायचा तर फक्त आतल्या बाजूला धातूची टोपी आणि खाली प्लास्टिकची चकती. बाकी सांधा आणि आतले बंध जिथल्या तिथे. चीर लहान, घरी लवकर, वाकणं चांगलं, आणि बऱ्याच जणांना तो आपलाच गुडघा वाटतो. पण उरलेला भाग पुढे झिजू शकतो, आणि अर्ध्यावाल्यांना पुन्हा टेबलावर यावं लागण्याची शक्यता पूर्णवाल्यांपेक्षा जास्त. पूर्ण बदलायचा तर सगळे पृष्ठभाग नवे, आतला एक बंधही जातो; पहिले तीन महिने जड, काही जणींना वर्षभर परक्या घरात राहिल्यासारखं वाटतं; पण एकदा बसला की बहुतेकांना वीस वर्षं त्याकडे बघावं लागत नाही.

"दुखणं दोन्हींत जातं?"

"बहुतेक जातं. दोन्हींत."

"मग चांगलं कुठलं?"

"ते गुडघ्यावर आहे. आणि थोडं तुमच्यावर. तुम्हाला या गुडघ्याने करायचंय काय?"

"त्यावर बसायचंय," विल्मा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "चर्चमध्ये, प्रार्थनेला?"

"नाही. कामावर."

हे सांगायला तिला लाज वाटली, कारण ते काम संपून सहा वर्षं झाली होती. पण वसंतात नाट्यघर तिची जुनी बदकीण पुन्हा काढणार होतं. गावोगावच्या शाळांतून फिरलेला तो खेळ, त्याचा बुटका लाकडी मंच, ज्याच्यामागे दोघीजणी गुडघ्यांवर बसून हात वर धरत. तिच्यानंतर नाट्यघर चालवणारी एमेशे, तिच्या हाताखाली शिकलेली, फोनवर म्हणाली होती, "विल्मामावशी, बदकीण दुसऱ्या कुणाच्या हातात बोलत नाही हो. करून बघितलं आम्ही. नुसती क्वॅक क्वॅक करते." त्या दिवसापासून विल्माच्या मनात एक गोष्ट कुणाला न सांगता बसली होती. बदकीण नव्हे, ती जागा. गुडघ्यांखाली फळी, फळीखाली चाकं, नाकापुढे वीतभर अंतरावर जाड मखमल, तिला धुळीचा आणि सरसाचा वास. आणि पलीकडे न दिसणारी पन्नास मुलं एकदम श्वास रोखतात तो क्षण. बाई म्हणून, बायको म्हणून, मुलगी म्हणून ती कुठे ना कुठे थोडी कमी पडत आली होती. त्या कापडामागे, जमिनीपासून दोन फुटांवर, तिचं माप बरोबर होतं.

"पूर्ण बदलल्यावर गुडघ्यावर बसता येत नाही?"

"बंदी नाही. पण पुष्कळ जणांना नको वाटतं. अर्ध्यात जरा जास्त जणांना जमतं. वचन मी कशाचंच देणार नाही." मग त्या थांबल्या. "आणखी एक. तुम्ही अर्ध्यावर सही केलीत तरी मी पूर्णाचीही सही घेईन. उघडल्यावर बाहेरची बाजू खराब निघाली किंवा बंध सैल निघाला, तर तिथेच ठरवावं लागतं. फोटो सगळं सांगत नाही."

म्हणजे झोपताना एक ठरवायचं आणि उठल्यावर दुसरंच मिळालेलं असायचं. ट्रामने घरी येताना विल्मा या वाक्याभोवती फिरत राहिली. खिडकीबाहेर ओले झेंडे, भाजलेल्या चेस्टनटची गाडी, कुत्र्याला काखेत घेतलेली एक बाई. सगळे आपापल्या गुडघ्यांवर चालले होते, कुणाला पत्ता नव्हता.

शनिवारी ती गरम झऱ्याच्या हमामात गेली. तिथल्या पाण्यात निम्म्या बाया सांध्यांच्या चिठ्ठीवर आलेल्या असतात, आणि मानेपर्यंत पाण्यात गेलेल्या माणसाला लाज उरत नाही. पाउला नावाची एक निवृत्त केशकर्तनवाली तिला ओळखत होती. तिने पाण्यातून पाय वर काढून दाखवला. बोटभर, फिकट, सरळ रेघ. "अर्धाच केला. तिसऱ्या दिवशी घरी. दोन महिन्यांनी नाचले पुतण्याच्या लग्नात. मला तर आठवतही नाही कुठला पाय तो."

"आठवत नाही, म्हणून उजवा काढलास दाखवायला," पलीकडची एक धिप्पाड बाई म्हणाली. "माझ्या नणंदेनेही अर्धाच केला होता. सात वर्षांनी परत उघडला. मग पूर्ण. तेव्हा म्हणाली, आधीच केला असता तर एकदाच रडले असते." आणि तिनेही आपला पाय दाखवला. मांडीपासून नडगीपर्यंत लांब शिवण, मधोमध. "हा पूर्ण. नऊ वर्षं झाली. पाऊस पडणार असेल तर आधी सांगायचा, तेवढी एक सोय गेली."

सगळ्या हसल्या आणि पाण्यावर बारीक लाटा उठल्या. विल्माही हसली. पण तिला दिसत होतं की या दोघी आपापल्या गुडघ्याचं नव्हे, आपापल्या निवडीचं कौतुक करताहेत. माणूस केलेल्या गोष्टीशी असाच संसार करतो. वाफेत त्यांचे चेहरे लाल आणि सारखेच दिसत होते, आणि तिला आई आठवली, जिला कुणी दोन रस्ते दाखवलेच नव्हते. विल्माच्या पहिल्या खेळाला आई आली होती. विल्मा नाट्यघराच्या पायऱ्यांवर पोशाखात थांबलेली, कोपऱ्यावरून आई येताना दिसत होती, येतच होती, संपत नव्हती. "किती हळू गं," विल्मा ओरडली होती, "घंटा झाली." आई म्हणाली होती, "तू पुढे हो. मी येतेच." आयुष्यभर तेच म्हणायची. तू पुढे हो. खेळ संपल्यावर दारावरच्या माणसाने सांगितलं, तुझी आई शेवटपर्यंत मागच्या भिंतीशी उभी होती. खुर्च्या बुटक्या, बसली तर उठता येणार नाही म्हणाली. म्हणजे त्या तासभरात कापडाच्या अलीकडे मुलगी गुडघ्यांवर आणि पलीकडे आई उभी. दोघींनी एकमेकींची जागा घेतली होती आणि ते आईला माहीत होतं, विल्माला नव्हतं. घरी जाताना आई एवढंच म्हणाली की बदकीण गोड होती, पण जरा आगाऊ. विल्मा मनाशी म्हणाली, वाईट वाटायला हवं. पण गरम पाण्यात वाईट वाटणं नीट जमत नाही. ते विरघळतं आणि नुसती माया उरते.

देझोचं मात्र ठरलेलं होतं. त्याचा डावा गुडघा सहा वर्षांपूर्वी पूर्ण बदलला होता आणि तो त्याच्याबद्दल नव्या इंजिनाबद्दल बोलावं तसा बोले. जेवताना त्याने कोबीवर आंबट साय घालता घालता विषय काढला.

"पूर्ण करून टाक. अर्धवट काम कशाला?"

"जे चांगलं आहे ते काढून का टाकायचं?"

"आज चांगलं आहे. रूळ एका बाजूने झिजले की दुसऱ्या बाजूनेही झिजणारच. आम्ही दोन्ही बदलायचो."

"मी ट्राम नाही, देझो."

"ट्राम ऐकते तरी."

"तुझ्या वेळचं आठवतंय मला. तीन महिने बैलासारखा हंबरत होतास. पाय वाकवायला सांगितलं की माझ्याकडे असा बघायचास, जणू मीच कापलाय."

"आता चालतोय ना?"

"चालतोस. आणि बुटाची नाडी कोण बांधतं?"

त्याने चमचा ताटलीच्या कडेला टेकवला, उचलला, परत टेकवला. बाहेरच्या सज्जावर शेजाऱ्यांचं कुत्रं नखं वाजवत गेलं. एकेचाळीस वर्षांत विल्माला त्याच्या गप्प बसण्याचे तीन प्रकार माहीत झाले होते. हा चौथा होता.

"मी चौऱ्याहत्तरचा आहे," तो ताटलीकडे बघत म्हणाला. "आता करशील तर तुला संडासात नेईन, मोजे घालीन, रात्री पाणी देईन. मला जमतं, मी शिकलोय ना, तूच केलंस माझं. पण दहा वर्षांनी पुन्हा उघडायची वेळ आली तर? तेव्हा कोण असेल? म्हणून म्हणतो, एकदाच काय ते होऊ दे. मी आहे तोवर."

इतके दिवस विल्माला वाटत होतं की दोघं गुडघ्याबद्दल बोलताहेत. तिने त्याच्याकडे पाहिलं. कानातले पांढरे केस, गालावर दाढी करताना राहून गेलेला एक पट्टा, आणि ते मोठे हात, ज्यांना अजून ट्रामचा दांडा धरल्यासारखं वळण होतं. तिला म्हणायचं होतं की कुणी आधी जाईल हे तू का ठरवतोस. ती म्हणाली, "मोजे तू उलटे घालतोस."

"पायाला काय कळतंय," देझो म्हणाला, आणि पुन्हा जेवू लागला.

तरीही तिने अर्ध्यावरच सही केली. पूर्णाच्या कागदावरही केली, पण जरा लहान अक्षरात. जानेवारीत ऑपरेशनच्या सकाळी देझो तिच्या पिशवीत घरातल्या चपला, खसखशीच्या रोलचे दोन तुकडे आणि कोरी शब्दकोड्यांची वही घालून दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभा राहिला. बसायला बाक होतं, तरी उभा राहिला.

पाठीत सुई दिल्यावर कमरेखालचं शरीर हळूहळू तिच्याकडून कुणीतरी काढून घेतलं. गुंगीचं औषध होतं, पण ती पुरती झोपली नव्हती. हिरव्या कापडाच्या पडद्याअलीकडे तिचं डोकं, पलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं. तिला मजा वाटली. पहिल्यांदाच ती कापडाच्या या बाजूला नुसती पडून होती आणि पलीकडे दुसरे लोक काम करत होते. मग ठोकण्याचे आवाज आले, दूरवरून, शेजारच्या घरात कुणी फडताळ बसवत असावं तसे. बारीक करवतीचा सूर. डॉक्टरीणबाईंचा शांत आवाज: "इथे बघ. इथेही." मग जरा वेळ कुणीच बोललं नाही. त्या शांततेत काहीतरी ठरलं हे विल्माला कळलं. काय, ते कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. जीभ जड होती. एखाद्या मुलाने श्वास रोखावा तशी ती शांतता होती. तिच्या डोळ्यांपुढे आईची पाठ आली, पुढेमागे होणारी, आणि मग ती पाठ वळू लागली, पण चेहरा दिसण्याआधीच विल्माला झोप लागली.

जाग आली तेव्हा खिडकीत बर्फाचा निळसर उजेड होता. पायाला मांडीपासून खाली जाड पट्टी. तिने हात नेऊन चाचपलं. पट्टीवरून अर्धा की पूर्ण कळत नव्हतं. पाय तिथे होता, पण कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा. बाजूला देझो खुर्चीवर बसला होता. बसला होता म्हणजे बातमी त्याला माहीत होती.

"सांगू नकोस," ती म्हणाली.

"नाही सांगत."

"चेहरा तसा करू नकोस."

"माझा चेहरा असाच आहे."

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई आल्या, पलंगाच्या कडेवर टेकल्या. बाहेरच्या बाजूचं अस्तर मऊ पडलं होतं, म्हणाल्या, बोटाने दाबलं की खड्डा पडे. आणि मधला बंध दोरी उसवावी तसा उसवलेला. फोटोत दिसलं नव्हतं. अर्धा बसवला असता तर दोन-तीन वर्षांत तुम्ही परत माझ्याकडे आला असतात. "पूर्ण केला. वाईट वाटून घेऊ नका."

विल्माने वाईट वाटायची वाट पाहिली. छताकडे बघत, आत कुठे काही तुटतंय का ते ऐकत राहिली. पण आलं ते दुसरंच. आपण हवं ते मागितलं होतं; मागितलं हे खरं. आणि गुडघ्याने आपलं म्हणणं मांडलं. बत्तीस वर्षं ती त्याला फळीवर टेकवत आली, त्याच्याशी कधी बोलली नाही, आणि तो आत झिजताना कुठे झिजतोय हेही त्याने सांगितलं नाही. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं. तिला थोडं रडू आलं, ते त्याच्यासाठी, जुन्यासाठी. कुठल्याशा बादलीत गेला असेल. मग तिने देझोकडे खसखशीचा रोल मागितला.

पुढचे तीन महिने देझोने सूड घेतला, असं ती लोकांना सांगते. व्यायाम शिकवणारी पोरगी आठवड्यातून दोनदा यायची, बाकीचे दिवस तो. सकाळी आठला पलंगापाशी हजर. "वाकव. आणखी. ट्राम डेपोत नाही न्यायची, पुढच्या थांब्यापर्यंतच न्यायचीय." ती शिव्या द्यायची, तो मान डोलवायचा. टाच पाठीमागे सरकताना आत घट्ट, जाडजूड काहीतरी अडायचं, ओल्या खोगिरावर बसल्यासारखं. रात्री चुरचुर. शिवणीच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर; तिथे बोट फिरवलं की दुसऱ्याच्या कोटावर फिरवल्यासारखं वाटे. पहिल्या आठवड्यात तो तिला न्हाणीत घेऊन जाताना दोघं पॅसेजमध्ये अडकली, कारण दोघांचाही एकेक पाय वळत नव्हता, आणि कुणी आधी मागे सरकायचं यावर वाद झाला. मोजे त्याने उलटेच घातले. पण फेब्रुवारी संपताना एका सकाळी ती दूध तापवायला उभी होती आणि दूध उतू जाण्याच्या आत तिच्या लक्षात आलं की गेली काही मिनिटं तिने गुडघ्याचा विचारच केलेला नाही. कोळसा विझला होता. त्या जागी काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं इतकं मोठं होतं की ती गॅसजवळ तशीच उभी राहिली. क्षणभर तिला एकटंही वाटलं.

एप्रिलमध्ये खेळ झाला. विल्माने एमेशेला आधीच फोन करून सांगितलं होतं की गुडघ्यावर बसणं या वसंतात जमायचं नाही, दुसरी कुणी शोध. एमेशे म्हणाली, "मग मंच टेबलावर ठेवू की, मावशी. तुम्ही खुर्चीवर बसा."

"टेबलावर?"

"का? चालत नाही?"

चालत होतं. इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं एवढंच. पहिल्या दिग्दर्शकाने तो मंच बुटका केला होता, कारण नाट्यघराच्या जुन्या गाडीत तेवढाच मावायचा. गाडी भंगारात गेली तरी सगळ्या जणी गुडघ्यांवरच बसत राहिल्या. विल्मा यावर खूप हसली आणि मग घरी आल्यावर अर्धा तास सज्जात जाऊन उभी राहिली. बदकीण चांगली बोलली. मुलांनी श्वास रोखायचा तिथे रोखला. खुर्चीवर बसून हात वर धरताना खांदा जास्त भरून आला, आणि मखमलीचा वास त्या उंचीवर जरा कमी येत होता. देझो पहिल्या रांगेत मुलांमध्ये बसला होता, पाय लांब करून, आणि एका मुलाच्या अडखळून पडण्याला कारण झाला.

जून सरताना आंबट चेरी आल्या. देझोने बाजारातून पाच किलो आणल्या, दरवर्षी तीनच आणायच्या असं ठरवूनही. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तो देठ काढत होता, ती बिया काढायच्या चिमट्याने एकेक फोडत होती. मनगटापर्यंत लाल रस, खिडकीतून येणारं ऊन, खाली चौकात कुणीतरी गालिचा झोडपत होतं. रेडिओवर नदीच्या पाण्याच्या पातळीच्या बातम्या. एक चेरी चिमट्यातून निसटली, टेबलावरून घरंगळली, फरशीवर दोनदा उडाली आणि फडताळाखाली गेली.

"राहू दे," देझो म्हणाला. "मुंग्या खातील."

"मुंग्या नकोत मला."

"झाडूने काढ मग."

झाडू सज्जात होता. विल्माने हात पुसले, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल काढून चौपदरी घडी केली आणि फरशीवर टाकली. मग टेबलाची कड धरून आधी डावा गुडघा टेकवला. मग, जरा थांबून, उजवा. आधी काहीच लागलं नाही. बधिर जागा टॉवेलवर आली आणि जणू कुणी तिच्याऐवजी तिथे टेकलं. तिने भार सोडला. हळूहळू, खोलवरून, ती फरशी वर आली. कठीण, गार, सपाट, नि:संशय फरशी. दुखलं नाही. आत एक बारीक टक् झालं, दार नीट लागल्यासारखं. तिने दोन्ही हात पुढे टेकले आणि डोकं खाली घातलं. फडताळाखाली धुळीचा पातळ थर होता, एक बाटलीचं बूच, आणि तिथेच भिंतीला टेकून चेरी, अखंड, चकाकणारी. तिने हात लांब करून ती मुठीत घेतली. फरशीवरून ऊन तिरपं जात होतं. टेबलाखाली देझोचे पाय दिसत होते, एक मोजा करडा, एक तपकिरी, आणि डावा पाय नेहमीसारखा जरा बाहेर ठेवलेला. या उंचीवरून घर मोठं दिसत होतं. वर रेडिओ बोलत होता, त्याचा आवाज लाकडातून गाळून येत होता, आणि कुठल्याही घाईचा कुठेही मागमूस नव्हता.

"सापडली का?" देझोने वरून विचारलं.

"केव्हाच."

"मग ऊठ ना. हात देऊ?"

"थांब जरा," विल्मा म्हणाली.